शहर 'टुमदार' असतं का? आणि 'बकाल'च्या उलट काय?

शब्दवेडी (ठाणे)

'माझं आवडतं शहर' या विषयावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. शहर पणजी. पहिल्याच परिच्छेदात 'टुमदार शहर' असं लिहिलं आणि आमच्या आत्यांनी तो शब्द खोडला. आत्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे त्यांचं म्हणणं सहज बाजूला ठेवता येत नाही. त्या म्हणतात, टुमदार घराला म्हणावं, बंगलीला म्हणावं, फार तर खेड्याला. शहराला तो शब्द लागत नाही, राजधानीच्या शहराला तर नाहीच. मग मी 'सुंदर' लिहिलं, पण वाचताना डोळ्यांसमोर काहीच येईना. जयपूर सुंदर, मुंबई सुंदर, पणजीही सुंदर; मग लिहून मिळवलं काय?

तर दोन प्रश्न आहेत. टुमदारचा नेमका अर्थ काय? आणि 'बकाल' शहराच्या उलट शब्द कोणता? 'सुंदर' हा त्याचा विरुद्धार्थी शब्द मला वाटत नाही.

पारावरून (वाई)

आत्याबाईंचं अर्धं म्हणणं मला पटतं. टुमदारमध्ये आकाराने लहान असणं धरलेलंच आहे. पण प्रत्येक लहान गोष्ट टुमदार नसते. पडक्या खोपटाला कोणी टुमदार म्हणत नाही. लहान, नेटकी आणि एका नजरेत मावणारी वास्तू असली की हा शब्द आपसूक तोंडी येतो. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा घ्या. भव्य म्हणा, डौलदार म्हणा, देखणा म्हणा. टुमदार म्हणून पाहा, लगेच खटकतं.

मग शहराला तो कधी लावावा? माझ्या मते शहर एका नजरेत मावत असेल तर खुशाल लावावा. आमच्या वाईला मी लावतो. पसरणीच्या घाटात वळणावर थांबलं की खाली कृष्णेचं पात्र, काठची देवळं, कौलारू घरांच्या आळ्या असं सगळं गाव एकदम दिसतं. खाली उतरून गणपती घाटावर आलं तरी तीच नेटकी बांधणी. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती बांधलेली आहे, पुराचं पाणी तिच्यावर आदळून दोन्ही अंगांनी वाटेला लागावं म्हणून. नदीची चाल ओळखून बांधलेलं गाव आहे हे त्या एका भिंतीवरून कळतं.

आता वाईला शहर म्हणायचं की गाव, यावरून आमच्यात आधीच दोन तट आहेत, ते इथे नको.

गिरणगाव (मुंबई)

मुंबई टुमदार नाही हे मान्य, पण मुंबईचे तुकडे टुमदार असू शकतात. गिरगावातली खोताची वाडी बघा. लाकडी जिने, ओसऱ्या, उतरती कौलं, आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने बाजू द्यावी लागेल एवढ्या वाटा. तिला टुमदार म्हणायला आत्यांचीही हरकत नसावी.

संपूर्ण मुंबईला मी 'देखणी' म्हणेन. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहायचं. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, एकोणिसाव्या शतकातलं टोकदार कमानींचं दगडी काम. पश्चिमेला तोंड वळवलं की १९३०च्या आसपासच्या, गोलसर कोपऱ्यांच्या, सज्जांवर आडव्या पट्ट्या असलेल्या आर्ट डेको इमारतींची रांग. मध्ये क्रिकेट. या दोन्ही रांगा मिळून २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत आल्या. जगात मोजक्या ठिकाणी दोन काळ असे समोरासमोर उभे असतील. 'देखणं' हा शब्द इथे मला नेमका वाटतो, कारण हे सौंदर्य लांब उभं राहून बघायचं आहे.

रुमालवाचक (पुणे)

'बकाल'विषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण या शब्दाचा प्रवास मजेदार आहे.

मूळ अरबी 'बक्काल'. अर्थ भाजीपाला, किराणा विकणारा. फारसीच्या वाटेने तो इकडच्या भाषांत आला. हिंदी-उर्दूत 'बनिया-बक्काल' हा जोडशब्द अजून ऐकू येतो. म्हणजे मुळात हा दुकानदार. वस्तीचं विशेषण तो नंतर झाला. बाजाराच्या जागी जशी दुकानाला दुकान चिकटते, पुढे छप्पर वाढतं, माल रस्त्यावर येतो, तसा गर्दीचा आणि अस्ताव्यस्तपणाचा अर्थ त्याला चिकटला असावा, असा माझा तर्क. आज मराठीत बकाल म्हटलं की दुकानदार कोणाच्याच मनात येत नाही; येते ती वाढ, जिच्याकडे कोणी लक्ष दिलेलं नाही.

आता वापर बघा. 'कुरूप शहर' असं आपण म्हणत नाही. माणूस कुरूप असू शकतो, शहर बकाल होतं. आणि 'होतं' हे क्रियापद महत्त्वाचं आहे. 'पूर्वी किती छान होतं, आता बकाल झालं' असंच वाक्य कानावर पडतं. कोणतंही शहर मुळात बकाल नसतं, ते बकाल होऊ दिलं जातं. त्यामुळे याच्या उलट शब्द शोधायचा तर तो रूपाचा असून चालणार नाही, निगेचा हवा. नेटकं, नीटस, निगुतीचं हे शब्द जवळ येतात. पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो 'राखलेलं'. शेत राखतात, बाग राखतात, तसं राखलेलं शहर.

'आखीव-रेखीव' मात्र याच्या उलट म्हणून वापरू नका. रेखीवपणा आराखड्यात असतो. जयपूर १७२७ साली सवाई जयसिंगांनी वसवलं ते चौकोन आखून, रुंद सरळ रस्त्यांनी; ते जन्मतःच रेखीव. पण रेखीव शहरही पुढे बकाल होऊ शकतं, आणि आमच्या कसब्यासारखी वाकड्या बोळांची वस्ती रेखीव नसूनही छान राखलेली असू शकते. दोन शब्द, दोन वेगळ्या गोष्टी.

शब्दवेडी (ठाणे)

'राखलेलं' फार आवडलं. पण वाक्यात टाकलं की 'राखलेलं' म्हणजे जतन केलेलं, संग्रहालयात ठेवल्यासारखं, असा वास येतो. पणजी तशी नाही हो.

मांडवीकाठ (पणजी)

ताई, मी पणजीचाच, म्हणून जरा लांब लिहितो. राग मानू नका.

आधी टुमदारबद्दल. राजधानी म्हणून पणजी टुमदार नाही हा युक्तिवाद मला मान्य नाही. २०११च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत सुमारे ४० हजार माणसं होती. महाराष्ट्रातली कित्येक तालुक्याची गावं याहून मोठी आहेत. राजधानी हा मान आहे, आकार नव्हे. आणि तो मानही पणजीकडे उशिरा आला. जुनं गोवं साथींच्या रोगांनी ओस पडत गेलं, कारभार हळूहळू मांडवीच्या मुखाकडे सरकला आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. त्याआधी इथे आदिलशाहाचा वाडा, थोडी वस्ती, माड आणि खाजणाची दलदल. पाणथळ जमीन भरून घेत शहर वाढलं. मागे आल्तिनची टेकडी, पुढे मांडवी, पूर्वेला ओरेंची खाडी. तिन्ही बाजूंनी अशी शीव पडल्यामुळे पसरायला जागाच नव्हती. त्यामुळे आल्तिनवरून पाहिलं तर वाईकरांची अट आमचं जुनं शहर पुरी करतं.

कोकणीत आम्ही सुंदरला 'सोबीत' म्हणतो. 'शोभित' त्यातून सरळ ऐकू येतं. मराठीतही तुमच्याकडे 'शोभणं' आहेच, पण शहराविषयी तुम्ही ते फारसं वापरत नाही, आणि मला वाटतं वापरायला हवं. सुंदर वस्तू कुठेही ठेवली तरी सुंदर. शोभणाऱ्या वस्तूला मात्र जागा लागते. पणजी मांडवीच्या काठाला शोभते. चर्चच्या त्या दुमडत चढणाऱ्या पांढऱ्या पायऱ्या खालच्या बागेमुळे आणि वरच्या उतारामुळे शोभतात. सपाट मैदानात त्या नुसत्या पायऱ्या राहिल्या असत्या. फोंतेन्हासमधली घरं टेकडीच्या पायथ्याला धरून आहेत. या भागाचं नावच झऱ्यावरून पडलंय, आणि तो झरा टेकडीच्या पोटातला. पिवळ्या, निळ्या, काव रंगाच्या भिंती, खिडक्यांना पांढऱ्या कडा, रस्त्यावर झुकलेले सज्जे, काही जुन्या खिडक्यांत काचेच्या जागी शिंपल्यांचे पातळ तुकडे. हे रंग हौसेने सुरू झालेले नाहीत. पोर्तुगीज अमलात पावसाळा संपला की दरवर्षी घराला रंग काढण्याचा दंडक होता आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता. आमचा पाऊस चार महिने भिंतींना सोडत नाही, काळी बुरशी धरते. दरवर्षी हात फिरवला नाही तर दोन-तीन पावसांत कोणतंही घर रोगट दिसू लागतं. रुमालवाचक यांचा 'राखलेलं' हा शब्द म्हणूनच मला पटला. दरवर्षी परत करावं लागतं, तेव्हाच ते राखणं.

तरी तुमची शंका खरी आहे. फोंतेन्हासमधली काही घरं आज पाहुण्यांना उतरायला दिलेली आहेत. दारात फोटो काढणाऱ्यांची रीघ लागते म्हणून रहिवासी वैतागून पाट्या लावतात. रंग तोच, निगा तीच, आणि तरी काहीतरी कमी झालेलं असतं. या कमी झालेल्या गोष्टीला मराठीत शब्द आहे का?

पारावरून (वाई)

आहे की. 'नांदतं'.

नांदतं घर, नांदतं गोकुळ, नांदता वाडा. नुसतं 'राहणं' एकट्याचंही असतं, नांदण्यात चार माणसं एकमेकांसकट धरलेली असतात. सासरी नांदणाऱ्या मुलीपासून ते 'सुखाने नांदा' या आशीर्वादापर्यंत या क्रियापदात जुळवून घेणं आहे. जिथे पिठाची गिरणी आहे, शाळा सुटल्याचा गलका आहे, कोणी दळण घेऊन चाललंय, ते नांदतं. आमच्याकडे कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटाचा आपापला असतो, घाटावरची माणसं तो आपल्या अंगावर घेतात. पाहायला बाहेरचे येतात, पण तो त्यांच्यासाठी नसतो. सौंदर्याच्या कसोट्यांत मी ही पहिली धरेन. देखणं, रेखीव, टुमदार हे सगळं नंतर.

वऱ्हाडी (नागपूर)

एक शब्द राहिला: ऐसपैस. आमच्या नागपुराला टुमदार म्हणाल तर हसू येईल, पण सिव्हिल लाइन्सचे रस्ते, दोन्ही अंगांना जुनी झाडं, सेमिनरी हिल्सचा उतार, अंबाझरीचं पाणी, याला ऐसपैसच म्हणावं लागेल. यातला 'पैस' जुना. नेवाशाचा 'पैसाचा खांब' सगळ्यांना माहीत आहे. पैस म्हणजे मोकळी, विस्तीर्ण जागा. ज्या शहरात माणसाला हात पसरता येतात ते मला सुंदर वाटतं. उन्हाळा सोसावा लागतो, पण आम्हाला तो मानवतो.

गिरणगाव (मुंबई)

'मानवतो' हा शब्द तुम्ही जाता जाता टाकलात, पण ताईंच्या लेखाची किल्ली तोच आहे. हवा मानवते, पाणी मानवतं, औषध मानवतं. शहरही मानवतं किंवा मानवत नाही. 'चंडीगड छान आहे, पण मला मानवलं नाही' हे वाक्य कोणीही मराठी माणूस सहज बोलेल, आणि त्यात चंडीगडची निंदा नसते. आवडतं शहर निवडताना आपण सुंदर शहरांची यादी करून पहिला क्रमांक काढत नाही. जे मानवलं ते आवडतं.

'लाडकं' पुन्हा वेगळं. ज्याचे लाड करतो ते लाडकं, म्हणजे त्याच्या खोडी पोटात घातलेल्या असतात. हिंदमाताला दर पावसाळ्यात पाणी तुंबतं, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, घर परवडत नाही. तरी माझी मुंबई लाडकी. तिला मी आवडती म्हणत नाही, कारण आवडीत निवड असते. इथे मी निवड केलेलीच नाही, इथेच जन्मलो.

शब्दवेडी (ठाणे)

म्हणजे माझ्यासाठी पणजी आवडती, ठाणे लाडकं. आत्यांना हे दाखवलं. टुमदारवर त्या अजून ठाम आहेत, पण 'शोभणं' आणि 'नांदतं' या दोन्हींखाली त्यांनी पेन्सिलने रेघ मारून दिली. मांडवीकाठ, तुम्हाला एक विचारते: फोंतेन्हासला मी 'नांदतं' म्हणू का? तुम्हीच शंका काढलीत म्हणून.

मांडवीकाठ (पणजी)

सरसकट म्हणू नका. शेजारच्या मळा या वस्तीला बिनदिक्कत म्हणा. फोंतेन्हासला लागूनच आहे, बोळ तसेच, पण दुकानं शेजाऱ्यांसाठी उघडतात आणि चवथीच्या दिवसांत घराघरांत माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची चौकट, बांधलेली दिसते. फोंतेन्हासमध्ये तीन-तीन पिढ्या त्याच घरात असलेली कुटुंबं आहेत, त्यांच्याविषयी लिहाल तर तिथेही म्हणा. मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत त्या काठाला मात्र हा शब्द लावू नका. तिथे रात्रभर दिवे असतात, पण राहत कोणी नाही.

व्याकरणाची एक गोष्ट. टुमदार, रेखीव, बकाल, ऐसपैस ही विशेषणं लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. देखणा, लाडका, नांदता बदलतात. मुंबई देखणी, सातारा देखणा, कोल्हापूर देखणं. तेव्हा शहराचं नाव घेतलंत तर 'नांदती पणजी' लिहा, आणि 'शहर' शब्द ठेवलात तर 'नांदतं शहर'.