लॅपटॉपवर पोर्तुगीज अक्षरं उमटत नाहीत, मदत हवी आहे

खाजनकाठ
नमस्कार. म्हापशाला एका वकिलांकडे जुने पोर्तुगीज दस्त टाईप करते. एक एस्क्रितुरा, म्हणजे दस्त, उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे आणि ए च्या डोक्यावरची नागमोडी रेघ, सी च्या खालचं शेपूट काही केल्या येत नाही. ऑल्ट दाबून ०२२७ मारलं, काही होत नाही. सध्या एका वेबसाइटवरून एकेक अक्षर कॉपी-पेस्ट करतेय. जमिनीचा दस्त आहे, 'देस्क्रिसांव' (वर्णन) हा शब्द ओळीआड येतो आणि त्यात दोन्ही अक्षरं आहेत. हात दुखायला लागले. कृपया लवकर सांगा.

कुळागर
विंडोज की मॅक? लॅपटॉप कुठला? वर्डमध्ये टाईप करता की ब्राउझरमध्ये? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

जुना टंकलेखक
ऑल्ट कोडसारखं, म्हणजे ऑल्ट दाबून अक्षराचा आकडा मारण्यासारखं, दुसरं काही नाही. ए नागमोडी ०२२७, ओ नागमोडी ०२४५, सी शेपूटवाला ०२३१, ई वर तिरकी रेघ ०२३३. कॅपिटल ए ०१९५, कॅपिटल सी ०१९९. सुरुवातीचं शून्य गाळायचं नाही, गाळलं तर भलतंच अक्षर येतं. कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा, आठवड्यात पाठ होतील.

खाजनकाठ
काका, हेच तर केलं. होत नाही म्हणूनच विचारलं. विंडोज आहे, वर्ड आहे.

कुळागर
कीबोर्डच्या उजव्या अंगाला आकड्यांचा वेगळा चौकोन आहे का? अक्षरांच्या वरच्या रांगेतले आकडे ऑल्ट कोडला चालत नाहीत.

खाजनकाठ
नाही. वरच्या रांगेतलेच आहेत.

कुळागर
मग ते कोड तुमच्या कामाचे नाहीत. यूएसबीचा नंबरपॅड मिळतो वेगळा, पण त्याची गरज नाही. वर्डमध्येच सोय आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केपखालचं नागमोडीचं बटण एकत्र दाबून सोडा, मग ए दाबा. शेपटीसाठी कंट्रोल आणि स्वल्पविराम, सोडून सी.

सातेरी
लिनक्स घाला. कम्पोज की, म्हणजे दोन चिन्हं जोडून एक अक्षर करणारं बटण, ठरवून द्यायची, मग नागमोडी आणि ए, स्वल्पविराम आणि सी. डोळ्यांना जे दिसतं तेच क्रमाने दाबायचं, पाठांतर नाही.

कुळागर
उद्या संध्याकाळी दस्त द्यायचाय आणि वकिलांच्या मशीनवर आज लिनक्स घालायचं? काहीतरीच.

सातेरी
आज नाही तर पुढच्या वेळी. पद्धत चांगली आहे म्हणून सांगितली.

आबोली
कुळागर, तुमचे शॉर्टकट वर्डपुरतेच. हाच मजकूर ईमेलमध्ये किंवा एखाद्या फॉर्ममध्ये भरायचा झाला की पुन्हा अडकणार. मी पणजीला पोर्तुगीज शिकवते, मुलांना एकच सांगते: 'युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल' हा लेआउट, म्हणजे कीबोर्डची मांडणी, घाला. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे इंग्लिशसमोरचे तीन ठिपके, लँग्वेज ऑप्शन्स, मग ॲड अ कीबोर्ड. बटणं जागची हलत नाहीत. नागमोडी दाबली की स्क्रीनवर काहीच दिसत नाही, घाबरू नका, ती पुढच्या अक्षराची वाट बघते. ए दाबलं की डोक्यावर बसते. अवतरणाचं एकेरी चिन्ह आणि ई, तिरकी रेघ. तेच चिन्ह आणि सी, शेपूट. शिफ्ट-६ आणि ई, टोपी. सांत इस्तेव्ह गावाचं पोर्तुगीज नाव लिहून बघा, त्यात टोपीही आहे आणि नागमोडीही.

मांडवीपार
एवढा खटाटोप कशाला? साधी इंग्रजी अक्षरं लिहा. वाचणाऱ्याला कळतं.

आबोली
नाही हो, दस्तात असं चालवून घेऊ नये. पोर्तुगीजमध्ये आजी आणि आजोबा या शब्दांत फरक फक्त शेवटच्या ओ वरच्या खुणेचा: तिरकी रेघ असेल तर आजी, टोपी असेल तर आजोबा. वाटणीच्या कागदात ती खूण गाळली तर हिस्सा कोणाकडून आला तेच कळणार नाही. पेडणे, केपे, सांगे या तिन्ही तालुक्यांच्या पोर्तुगीज नावांतही ई वर तिरकी रेघ आहे. मूळ कागदावर आहे ते उतरवायलाच हवं.

दिवाडकर
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आजोबांचा जन्मदाखला १९६१ च्या आधीचा, त्यात नाईक आडनाव शेवटी क्यू-यू-ई लावून लिहिलंय. वडिलांच्या कागदांवर के आहे. दोन्ही एकच माणसं हे कसं दाखवायचं?

कुळागर
दिवाडकर, वेगळा धागा काढा. इथे हरवून जाईल.

खाजनकाठ
आबोलीताई, लेआउट घातला. पण उजवं ऑल्ट दाबून ए मारलं तर वर तिरकी नाही, आडवी रेघ येते. आणि नागमोडी अजून वेगळीच पडते, ए च्या आधी.

आबोली
म्हणजे 'इंग्लिश इंडिया'च चालू आहे. आडवी रेघ त्याच लेआउटमध्ये येते, संस्कृत शब्द रोमनमध्ये लिहायला ती लागते. विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि स्पेस मारा, यादी येईल, त्यातून इंटरनॅशनल निवडा.

खाजनकाठ
आलं! नागमोडी आली, शेपूटही आलं. पण आता नुसतं अवतरण चिन्ह हवं असेल तर उमटत नाही.

आबोली
चिन्ह दाबून स्पेस मारा. तेवढी एक सवय करावी लागते.

खाजनकाठ
आणखी एक. फाइंडमध्ये 'देस्क्रिसांव' टाकलं तर आत्ता टाईप केलेलेच सापडतात. सकाळी पेस्ट केलेले नाही. दिसायला दोन्ही अगदी सारखे.

सातेरी
पेस्ट केलेल्या ए च्या पुढे कर्सर ठेवून एकदाच बॅकस्पेस मारा. काय जातं?

खाजनकाठ
नुसती नागमोडी गेली. ए राहिला.

सातेरी
मग ते दोन तुकडे आहेत: साधा ए आणि त्यावर वेगळी ठेवलेली नागमोडी. तुम्ही आता टाईप करता तो एकसंध. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तीत, दोन्ही चालतात, पण वर्ड त्यांना वेगळे धरतो. जुना ए कॉपी करून फाइंडमध्ये टाका, नवा रिप्लेसमध्ये, आणि रिप्लेस ऑल. सी चंही तसंच, आणि कॅपिटलची वेगळी फेरी.

खाजनकाठ
बदलले, सगळे सापडतायत. सगळ्यांना देव बरें करूं. दिवाडकरांनी धागा काढला तर मला कळवा, असे दाखले आमच्याकडे येत असतात.

शापोरा
मॅकवर फार सोपं आहे. ऑप्शन आणि एन, मग ए. शेपटीला ऑप्शन आणि सी.