आहेर पोचला, एवढं कळवायला काय जातं?

कृष्णाकाठ (सांगली)
भाच्यानं पुण्यात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला जाता आलं नाही म्हणून कुरिअरनं मिक्सर पाठवला, सोबत तासगावचे बेदाणे. महिना उलटला तरी तिकडून चकार शब्द नाही. शेवटी मीच फोन केला, तर म्हणतो, "हो मामा, मिळाला की!" पाया पड म्हणत नाही मी. पण गुड मॉर्निंगची फुलं रोज न चुकता येतात, त्यात 'पोचलं' एवढं बसत नाही? देणाऱ्यावर विचारायची वेळ येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माणदेशी
घरच्या माणसाचे आभार मानतात व्हय? मामानं द्यायचं, भाच्यानं घ्यायचं. आमच्या आटपाडीकडं आहेराच्या जुन्या वह्या ट्रंकेत जपून ठेवतात. कुणी ५१ घातले, कुणी टॉवेल-टोपी केली, सगळं सापडतं. त्यांच्याकडं कार्य निघालं की वही बघून चढताच आहेर जातो. तुमचं थँक्यू कोण लक्षात ठेवतंय?

कृष्णाकाठ
आणि ज्याच्या घरी कार्यच निघणार नाही त्याचं काय? आमच्या ओळखीत एक निवृत्त मास्तर आहेत, एकटेच. गावातल्या प्रत्येक लग्नात पाकीट देतात. त्यांची फेड कुठल्या वहीतून करणार?

वाईची सून
वहीत नाव लागतं ते सासऱ्यांचं. दुकानात गठ्ठाभर साड्या उलगडून एक निवडते मी. नंतर नवरी भेटल्यावर "काकू, रंग छान होता" म्हणाली तर तेवढंच माझ्या वाट्याला. त्यामुळे माझं मत मामांना. फिरत्या ब्लाउजपीसवर मात्र कुणी आभार मागू नयेत! ज्याला द्यायचा कंटाळा, त्यानं मोकळ्या हातानं यावं, जेवून जावं.

हिशेबनीस, सातारा
थोडं विषयांतर. वही ठेवाच. लग्नात आलेल्या आहेरावर प्राप्तिकर नाही. वास्तुशांतीला ती सवलत नाही: मित्रमंडळींकडून आलेली रोख वर्षभरात ५० हजारांच्या वर गेली तर सगळ्या रकमेवर कर लागतो. मामा कायद्यानं नातेवाईक, त्याचं कितीही चालतं.

पोवई नाका
पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापायचं आणि मांडवात वही-पेन घेऊन माणूस बसवायचा. यावर कुणी बोलेल का?

माणदेशी
त्यावर दुसरा धागा काढा. कृष्णाकाठ, शेजारीण डबाभर आमटी देते. आपण तो डबा रिकामा देत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. त्यात कोण कुणाला काय बोलतंय?

कृष्णाकाठ
डबा परत येतो, म्हणून तर पोचल्याचं कळतं. मिक्सरचा खोका येतो का परत?

माणदेशी
कुरिअरवाला सही घेतो की!

कृष्णाकाठ
घेतली होती. वॉचमनची.