पाच महिन्यांची कॉकर स्पॅनियल कुत्री, फिरवावं तरी किती? (मदत हवी आहे)

जिलबीची_ताई :
आमची जिलबी परवा पाच महिन्यांची झाली. घर कोथरूडला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. लसी पूर्ण होईपर्यंत ती घरातच होती. मग शेजारचे काका म्हणाले, "दमव तिला, म्हणजे गप पडेल." त्यांचा लॅब्रॅडॉर होता, म्हणून ऐकलं. महिनाभर रोज सकाळी पाऊण तास वेताळ टेकडी, संध्याकाळी पार्किंगमध्ये चेंडू.

झालंय उलटंच. टेकडीवरून आली की अंगात आल्यासारखी सोफ्याभोवती गरगरते, आईच्या पदराला लोंबकळते. रात्री नऊनंतर तर घर डोक्यावर.

शिवाय घरात 'ये' म्हटलं की धावत येते, पण बाहेर नाक जमिनीला लागलं की ओळखसुद्धा देत नाही. रविवारी झुडपातून लांडोर उठली आणि बाईसाहेबांनी माझ्या हातातून पट्टा हिसकला. वीस मिनिटं बोंबलत फिरले. सापडली तेव्हा कानांना ही एवढी कुसळं!

फिरवणं अजून वाढवू का? आणि महिन्यागणिक किती?

नाकवाले_काका :
वाढवू नका, कमी करा. ती कमी दमत नाहीये, जास्त दमतेय. झोपेला आलेलं मूल किरकिरतं ना, तसंच. या वयाची पिल्लं दिवसातले सोळा-अठरा तास झोपतात. दुपारी अंधाऱ्या कोपऱ्यात तिची जागा करा आणि तिथं कुणी हात लावायचा नाही, आईंनीसुद्धा.

वयाच्या महिन्यामागे पाच मिनिटं, म्हणजे तुमची पंचवीस, हा एक ढोबळ अंदाज आहे. त्याला शास्त्र म्हणू नका, पण सुरुवातीला बरा पडतो. हाडांची टोकं साधारण वर्षभर वाढत असतात. तोवर चेंडूमागे धावून गचकन थांबणं नको, आणि जिना उतरताना उचलून घ्या. वजन कमी आहे तोवर जमेल, पुढे तेरा-चौदा किलोची होईल!

लांडोरीचं म्हणाल तर तो तिचा गुन्हा नाही. झुडपातून पक्षी उठवायलाच ही जात तयार केली. त्या नाकाला काम द्या : जेवणाचे दाणे जुन्या टॉवेलात गुंडाळून शोधायला लावा. दहा मिनिटांत ढेर.

बोलावणं पक्कं होईस्तोवर लांब दोरी लावा, हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला), गळपट्ट्याला नको. आली की दरवेळी खाऊ, आणि लगेच परत हुंगायला सोडायचं. 'ये' म्हणजे घरी जाणं, हे एकदा तिच्या डोक्यात बसलं की संपलं.

सोनूची_आई :
आधी कान बघून घ्या डॉक्टरांकडून! कुसळ आत सरकलं तर फार त्रास होतो. आमच्याकडे झालंय.

जिलबीची_ताई :
कान दाखवले, डावीकडे एक कुसळ निघालंच. टॉवेल चार दिवस चालू आहे, काल साडेनवाला चपलांच्या रॅकखाली घोरत होती. दोरी नायलॉनची घेऊ का?

नाकवाले_काका :
नायलॉननं हात सोलतो. जाड सुती घ्या. आणि टोकाला फास ठेवू नका, झुडपात अडकतो.