‘संगणकाची जोडणी’ म्हणजे नक्की काय करायचं नाही?

खानापूर-रोड
एका विद्यापीठाच्या वसतिगृहात लावायची सूचना आहे, तीन भाषांत. इंग्रजीत ‘कनेक्ट’ हे एकच क्रियापद सगळीकडे फिरवलंय. कन्नड रकान्यात ‘संपर्क’ आहे. मराठी रकान्यात कुणीतरी लिहून ठेवलंय: “विद्यार्थ्यांनी खोलीत संगणकाची जोडणी स्वतः करू नये.”

वाचणाऱ्यांनी याचे दोन अर्थ काढले. एक म्हणतो, सुटे भाग आणून पीसी तयार करायला बंदी आहे. दुसरा म्हणतो, भिंतीतल्या पॉईंटला वायर लावायला बंदी आहे. सूचनेचा हेतू तिसराच आहे: नोंदणी न झालेलं यंत्र कॅम्पसच्या नेटवर्कवर आणू नका. ‘जोडणी’ ठेवावी, ‘जुळणी’ घ्यावी, की कन्नडसारखं ‘संपर्क’ करावं? पुढे ‘आयपी विळास’ असाही शब्द आलाय, तोही बघा.

शुद्धलेखक
‘जोडणी’ अगदी बरोबर आहे. नळजोडणी, वीजजोडणी, गॅसजोडणी हे शब्द रोजचे आहेत, तिथं कुणाचा गोंधळ होत नाही. सुटे भाग एकत्र आणून वस्तू उभी करणं ही जुळणी. छापखान्यात खिळे जुळवणारा तो जुळारी, त्याला कुणी जोडारी म्हटलेलं ऐकलंय का? शब्दाचा दोष नाही, वाचणाऱ्याचा आहे.

निपाणीकर
ओ, हा भेद पुण्यात चालेल. इकडं सीमाभागात कन्नडमधला ‘जोडणे’ हा शब्द शेजारीच बसलेला असतो, आणि त्यात नुसतं जोडणंही येतं, मांडणीही येते, भाग एकत्र करणंही येतं. दोन्ही भाषा बोलणारा पोरगा ‘संगणक जोडणी’ वाचून पीसी असेंबल करणं समजला तर त्याची काय चूक?

शुद्धलेखक
म्हणजे शेजारच्या भाषेत अर्थ वेगळा म्हणून आपण आपला शब्द टाकायचा?

निपाणीकर
टाकायचा कुठं म्हटलं? खुलासा जोडायचा म्हटलं. बघा, ‘जोडायचा’ तिसऱ्याच अर्थानं आला.

केबलमास्तर
शब्दाआधी काम बघा. इंग्रजीतल्या त्या एका ‘कनेक्ट’मध्ये निदान तीन कामं कोंबलीत आणि तिन्हींना मराठीत वेगवेगळी क्रियापदं आधीपासून आहेत.

पहिलं काम केबल लावणे. भिंतीतल्या पॉईंटला आमच्याकडं ‘आयओ’ म्हणतात. तिथून संगणकापर्यंत २-३ मीटरची तयार पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली केबल) लावायची. पोर्टचा दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर नोंदणी, पासवर्ड यांच्या नादी लागू नये. एक तर कॉर्ड गेलेली असते, नाहीतर त्या आयओची दुसरी बाजू खाली कपाटातल्या रॅकमध्ये स्विचला (सगळ्या खोल्यांच्या केबल एकत्र आणणाऱ्या डब्याला) लावलेलीच नसते. खोल्या शंभर आणि स्विचचे पोर्ट कमी, असं असलं की रिकाम्या खोल्यांचे पॅच काढून ठेवतात. मग खोलीत पोरगा केबल बदलत बसतो आणि बिघाड खाली कपाटात असतो.

दुसरं काम यंत्र नोंदवणे, म्हणजे मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) कळवणे. तिसरं काम नाव-पासवर्ड देऊन आत शिरणे. सूचना दुसऱ्या कामाबद्दल आहे आणि शब्द पहिल्या कामाचा घातलाय. गोंधळ तिथं आहे.

कडोलीचा
‘लावणे’ला माझं मत. “नेट लावून घे”, “लॅन लाव” (म्हणजे वायरचं नेट) असंच बोलतात. “जोडणी कर” म्हणून कोण बोलतंय ओ?

शुद्धलेखक
बोलण्यात दिवा लावतात, झाड लावतात, रांग लावतात, वेड लावतात. सूचनेत इतकं ढिलं क्रियापद चालत नाही.

केबलमास्तर
केबलच्या कामात उलट ‘लावणे’ नेमकं आहे, कारण त्यात काढणं गृहीत धरलंय. पॅचकॉर्ड लावतात आणि काढतात. भिंतीच्या आतली केबल मात्र ‘ओढतात’, आयओत ‘पंच करतात’ (तारा दाबून बसवतात), आणि टोकाला कनेक्टर असेल तर ‘क्रिम्प मारतात’ (तो तारांवर दाबून पक्का करतात). चार कामांना चार क्रियापदं. ‘जोडणी’ म्हटलं की यातलं कुठलं, ते सांगताच येत नाही.

आणि फरक न कळल्यानं काय होतं तेही सांगतो. भिंतीतली केबल जास्तीत जास्त ९० मीटर, दोन्ही टोकांच्या कॉर्ड मिळून १०, असं १०० मीटरचं गणित असतं. कुणी तरी पलंग दुसऱ्या भिंतीला हलवतो, कॉर्ड पुरत नाही, म्हणून मधे कापून पिळे मारतो आणि इन्सुलेशन टेप गुंडाळतो. विजेच्या वायरला ते कसंतरी चालून जातं. इथं आत आठ तारांच्या चार पीळ दिलेल्या जोड्या असतात, जोडीचा पीळ सुटला की एका जोडीतला सिग्नल दुसरीत झिरपतो. ‘जोडणी’ मात्र झालेली असते!

तिसरा-मजला
क्रिम्प मारताना आठ तारांच्या रंगांचा जो क्रम लावतात, त्याला मराठी शब्द कुठले आहेत? पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ‘नारंगी’ म्हणायचं की ‘केशरी’?

केबलमास्तर
‘ऑरेंज’ म्हणायचं आणि काम उरकायचं. क्रम बरोबर आहे, ही बी पद्धत (टी५६८बी). हिरवी जोडी मधे फुटलीय, तिच्या तारा ३ आणि ६ नंबरवर, तिथं नवखे चुकतात. हिरव्याशेजारी हिरवा सरळ लावून टाकतात. १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ एवढ्याच तारा लागतात, गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळं निळी किंवा तपकिरी जोडी तुटली की नेट बंद पडत नाही, बहुतेक वेळा गुपचूप १०० वर उतरतं. तक्रार येते “नेट स्लो आहे” आणि शोध वायफायचा चालतो.

निपाणीकर
‘विळास’वर कुणीच बोललं नाही. कन्नडमध्ये विळास म्हणजे पत्ता. मराठी रकान्यात कुणीतरी ते तसंच उचललंय. पुढं छापणारा ‘ळ’चा ‘ल’ करणार आणि पोरं ‘आयपी विलास’ वाचून ऐष करणार.

शुद्धलेखक
यावर वाद नाही. ‘आयपी पत्ता’.

कडोलीचा
अखेर दोघांचं जमलं!

तिसरा-मजला
जमलं नाही. पत्ता दोन प्रकारचा आहे. मॅक ॲड्रेसही पत्ता आणि आयपीही पत्ता, आणि सूचनेत दोन्ही आहेत. मॅक म्हणजे कार्डावर कारखान्यातून आलेला १२ अंकी-अक्षरी क्रमांक, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. खोली बदलली तरी तो तोच. आयपी नेटवर्क देतं, मजला बदलला की बदलू शकतो. खरं तर आयपी हा पत्ता आणि मॅक हे… जन्मखूण?

शुद्धलेखक
‘जन्मखूण’ कवितेत. ‘यंत्रक्रमांक’ घ्या. पण जन्मखूण बदलत नाही एवढं तरी बरोबर आहे.

केबलमास्तर
तेवढंच तर बरोबर नाही आता. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर डिफॉल्टनं बनावट मॅक दाखवतात. विंडोजमध्येही तो पर्याय आहे. नोंदवायचा एक आणि नेटवर्कला दिसतो दुसरा, मग “नोंदणी करूनही नेट येईना.” ओळखायची खूण: डावीकडून दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातला नव्हे, यंत्रानं स्वतः ठरवलेला. कॅम्पसच्या वायफायपुरता तो पर्याय बंद करून मग नोंदवायचं.

दुसरी चूक याहून नेहमीची. लॅपटॉपला दोन मॅक असतात, वायफायचा एक, लॅनचा एक. पोरं विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ ही कमांड देतात आणि वर जो ‘फिजिकल ॲड्रेस’ दिसेल तो लिहून देतात. वायर लावायची असेल तर ‘इथरनेट ॲडॅप्टर’ या मथळ्याखालचा घ्यायचा. पातळ लॅपटॉपला लॅनचं भोकच नसतं, यूएसबीचं डोंगल लावतात. तिथं मॅक बहुधा डोंगलचा असतो. डोंगल मित्राला दिलं की नोंदणीही त्याच्याबरोबर गेली.

कडोलीचा
‘भोक’! शुद्धलेखक, ऐकालासा न्हवं?

शुद्धलेखक
‘खोबण’ असा सुंदर शब्द सुतारकामात आहे. एक वस्तू दुसरीत नेमकी बसावी म्हणून कोरलेली जागा. आपण तो विसरायचा आणि ‘भोक’, ‘पोर्ट’ करत बसायचं.

तिसरा-मजला
पोर्टला यंत्रानं केलेल्या भाषांतरात ‘बंदर’ आलेलं पाहिलंय. “केबल बंदरात घाला.” बेळगावात बंदर कुठून आणायचं, वेंगुर्ल्याला जायला पाहिजे.

निपाणीकर
आणि हिंदी वाचणारा माकड समजणार. आमचा ‘बंदर’ फारसीतून आलेला, धक्क्याचा. संगणकाचा पोर्ट हा लॅटिनमधल्या दारवाल्या ‘पोर्ता’चा. म्हणजे ‘द्वार’ किंवा ‘दार’ अर्थानं जवळचं. जहाजाशी संबंध नाही.

शुद्धलेखक
तरी खोबण. दारातून माणूस जातो, खोबणीत वस्तू बसते.

केबलमास्तर
मग सॉफ्टवेअरमधला पोर्ट ८० आणि पोर्ट ४४३ (वेबसाईटसाठीचे नुसते क्रमांक) काय, खोबण क्रमांक ४४३? तिथं द्वारच ठीक. दोन्हीकडं ‘पोर्ट’ ठेवा. लिहिणाराही सुटला, वाचणाराही.

खानापूर-रोड
सूचनेत ‘डिफॉल्ट गेटवे’ पण आहे. कुणीतरी ‘मूलभूत प्रवेशद्वार’ केलंय. चालेल का?

कडोलीचा
मूलभूत प्रवेशद्वार म्हणजे पाया घालायच्या आधी कमान उभी केल्यासारखं झालं. ‘वेस’ म्हणा की. गावातून बाहेर जायचं तर वेशीतनं जायचं. वसतिगृहाचं नेटवर्क म्हणजे गाव, १०.कायतरी.१ ही वेस.

निपाणीकर
‘वेस’ झकास. पण आम्हा निपाणीकरांना ‘नाका’ जवळचा. कोगनोळीचा नाका ओलांडल्याशिवाय महाराष्ट्र लागत नाही.

तिसरा-मजला
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेशीवर कुणी अडवत नाही, ती नुसता रस्ता देते. नाक्यावर थांबवून विचारतात. गेटवे ही वेस. पहिल्यांदा ब्राउझर उघडल्यावर नाव-पासवर्ड मागणारं पान हा नाका. फायरवॉल हाही नाकाच, फक्त तो विचारत नाही, परस्पर परत पाठवतो.

केबलमास्तर
हे पटलं. फरक दुरुस्तीच्या वेळी कामाला येतो. नेटवर्ककडून पत्ता आणि वेस काहीच मिळालं नसेल तर आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतो. याचा अर्थ पत्ता वाटणाऱ्या डीएचसीपीनं उत्तरच दिलं नाही आणि विंडोजनं स्वतःच एक पत्ता लावून घेतला. तिथं पासवर्ड बदलून काही होत नाही. केबल, आयओ किंवा नोंदणी बघायची.

पत्ता नीट आहे, वेशीला पिंग जातंय (हाक मारली की उत्तर येतंय), पण साईट उघडत नाही, तर अडकलंय नाक्यावर. बऱ्याचदा नाक्याचं पान दिसतच नाही, कारण पहिलीच साईट एचटीटीपीएसची, म्हणजे कुलूपबंद, उघडलेली असते, आणि ब्राउझर तिचं पान दुसऱ्याला बदलू देत नाही. एखादी साधी एचटीटीपी साईट उघडली की पान येतं. कुणी डीएनएसमध्ये (साईटच्या नावावरून आयपी शोधणाऱ्या यंत्रणेत) हातानं ८.८.८.८ घातलेलं असेल तर काही ठिकाणी तेही येत नाही, ते ‘ऑटोमॅटिक’ करायचं. संगणकाची तारीख मागं पडली असेल तर सर्टिफिकेटची तक्रार येते. बोर्डावरची बॅटरी संपलेल्या जुन्या पीसीत हे हमखास.

शुद्धलेखक
‘पत्ता वाटणारा’ नको, कारण डीएचसीपी पत्ता कायमचा देत नाही. मुदतीनं देतो, म्हणजे ‘भाडेपट्टा’ हा शब्द अचूक बसतो.

कडोलीचा
मग संगणक कूळ झाला. बारा वर्षं वहिवाट दाखवली की आयपी नावावर?

केबलमास्तर
कूळ परवडलं, पोटभाडेकरू नको. सूचनेचं खरं कारण तेच आहे. पोरं घरचं वायफाय राउटर आणतात आणि आयओची केबल त्याच्या वॅन पोर्टऐवजी (बाहेरून नेट घ्यायच्या) लॅन पोर्टात (आतल्या यंत्रांना द्यायच्या) लावतात. मग तो राउटर मजल्यावरच्या सगळ्यांना स्वतःच पत्ते वाटत सुटतो. शेजारच्या खोलीला १९२.१६८.०.कायतरी मिळतो, वेस म्हणून त्या राउटरचाच पत्ता येतो, आणि नेट बंद. विद्यापीठाचे पत्ते १० ने सुरू होत असतील तर अशा वेळी १९२.१६८ दिसणं हीच खूण. चांगल्या स्विचला डीएचसीपी स्नूपिंग लावलं की असले फुकटचे पत्ते तो पुढं जाऊ देत नाही. ते नसेल तर रॅकपाशी बसून एकेक पोर्ट काढून चोर शोधावा लागतो.

छोट्या स्विचमध्ये एकाच केबलची दोन्ही टोकं लावणारेही भेटतात. पाकिटं गोल गोल फिरत राहतात, मजलाच आडवा होतो.

निपाणीकर
‘पाकिटं’ म्हणजे पॅकेट, नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे. तंबाखूच्या गावात हा शब्द वापरायचा म्हणजे…

खानापूर-रोड
मग सूचना “नोंदणी न केलेला संगणक किंवा राउटर भिंतीतल्या पॉईंटला लावू नये” अशी करतो. चालेल?

शुद्धलेखक
‘नोंदणी न केलेला’पेक्षा ‘अनोंदणीकृत’.

निपाणीकर
नको. ‘नोंदणी’ कन्नडमध्येही नोंदणीच आहे. या सूचनेत दोन्ही रकान्यांत सारखा येणारा तेवढा एकच शब्द, त्याला कशाला ‘अ’ आणि ‘कृत’ चिकटवता?

तिसरा-मजला
पण ‘पॉईंट’ म्हटलं तर विजेचा पॉईंट समजतील. संगणक विजेच्या पॉईंटला लावू नये, असं वाचलं तर?

कडोलीचा
मग तो चालू कशावर करायचा?

केबलमास्तर
‘नेटच्या पॉईंटला’ लिहा. आणि सूचनेतल्या पायरी दोनमध्ये भर घाला. वायरवरच नाव-पासवर्ड मागणारी पद्धत असेल, म्हणजे ८०२.१एक्स, तर विंडोजमध्ये ‘वायर्ड ऑटोकॉन्फिग’ ही सर्व्हिस आधी चालू करायला पाहिजे. ती मूळची बंद असते, आणि चालू केल्याशिवाय ऑथेंटिकेशनचा टॅब दिसतच नाही. सूचनेत थेट “टॅबवर जा” लिहिलं की अर्धी पोरं तिथंच अडकणार.

शुद्धलेखक
‘ऑथेंटिकेशन’ला प्रमाणीकरण.

केबलमास्तर
पडद्यावर जे अक्षर दिसतं तेच लिहा ओ. ‘प्रमाणीकरण’ नावाचा टॅब इंग्रजी विंडोजमध्ये शोधून सापडणार नाही.

खानापूर-रोड
बरं. एज्युरोमसाठी (विद्यापीठांच्या सामायिक वायफायसाठी) वापरकर्तानाव पूर्ण लिहायचं, @ चिन्हासह आणि पुढच्या विद्यापीठाच्या नावासह. नुसतं नाव टाकलं तर दुसऱ्या संस्थेत गेल्यावर आत घेत नाही, कारण कुठल्या विद्यापीठाला विचारायचं तेच कळत नाही. ते चिन्ह मराठीत काय लिहू?

कडोलीचा
‘ॲट द रेट’.

शुद्धलेखक
‘दराने’? आंब्याचा भाव सांगायचाय का?

निपाणीकर
कडोलीचंच बरोबर. त्यात ‘रेट’ कुठून आला ते कुणाला विचारत नाहीत, पण फोनवर सांगितलं की समोरचा तेच चिन्ह दाबतो.

तिसरा-मजला
वेलांटीत गुंडाळलेला ‘ए’ असंही सांगतात. आणि मघाशी राहिलं: विळासमधला ‘ळ’ मराठीत ठेवायचा की…

निपाणीकर
शब्दच काढलाय, ‘ळ’ कुठं ठेवणार?