दोन पॉवर डोमेन असलेल्या उपकरणाची जोडणी कर्नलने करावी की ड्रायव्हरने?

धागाकर्ता
लिनक्स कर्नलमध्ये सर्वसाधारण पॉवर डोमेनची, म्हणजे चिपच्या वीज स्वतंत्रपणे चालू-बंद होणाऱ्या भागांची, व्यवस्था २०११ साली आली. पुढे डिव्हाइस ट्रीत, म्हणजे कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या वर्णनात, 'पॉवर-डोमेन्स' हा गुणधर्म लिहिण्याची सोय झाली आणि उपकरण चिपच्या कोणत्या स्वतंत्रपणे बंद होणाऱ्या भागात बसले आहे, ही माहिती ड्रायव्हरमधून बाहेर पडली. डोमेन एकच असेल तर प्रोबच्या (ड्रायव्हर उपकरणाचा ताबा घेतो त्या टप्प्याच्या) आधीच कर्नल ते जोडून देतो आणि ड्रायव्हरला रनटाइम पीएमच्या (चालू असताना वीज सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) 'गेट' (उपकरण हवे) व 'पुट' (आता नको) यांपलीकडे काही करावे लागत नाही. मात्र त्याच ओळीत दुसरे डोमेन लिहिले की कर्नल पहिलेही जोडत नाही, आणि तसे सांगतही नाही. त्यामुळे अधिक अचूक केलेले वर्णन, ज्यातील ड्रायव्हर स्वतः डोमेन जोडत नाही अशा जुन्या कर्नलवर चालवले, तर कालपर्यंत चालणारे उपकरण बंद पडते. कारण बूटच्या शेवटी विनावापर डोमेन बंद केली जातात आणि बंद भागातील रजिस्टर वाचायला गेल्यास कित्येक चिपांवर बसच (चिपमधील भागांना जोडणारा माहितीचा मार्ग) अडकते. मग कुणीतरी कमांड लाइनवर 'पीडी_इग्नोअर_अनयूज्ड' (विनावापर डोमेन बंद करू नका) लिहितो आणि दोष झाकला जातो. यादीतील सगळी डोमेन कर्नलनेच जोडावीत, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १
असहमत. उपकरण चालू असताना त्याची सगळी डोमेन चालू हवीत, हे गृहीतकच चूक आहे. क्वालकॉमच्या एससी७१८० या चिपवरील व्हीनस हा व्हिडिओ भाग पाहा. त्याच्या वर्णनात 'व्हीनस', 'व्हीकोडेक०' आणि 'सीएक्स' अशी तीन नावे येतात. पहिले डोमेन नियंत्रकाचे आहे, दुसरे कोडेकच्या गाभ्याचे, आणि तिसऱ्याचा प्रश्न चालू-बंदचा नसून क्लॉकच्या वेगानुसार कोणती कार्यक्षमता-पातळी मागायची, हा आहे. हा फरक कर्नलच्या गाभ्याने नावावरून ओळखावा काय? शिवाय उपकरणाच्या रचनेत डोमेनसाठी एकच पॉइंटर असतो, म्हणून डोमेन एकाहून अधिक असली की प्रत्येकासाठी एक आभासी उपकरण तयार करून ते डिव्हाइस लिंकने (दोन उपकरणांतील अवलंबित्वाच्या नोंदीने) मूळ उपकरणाशी बांधावे लागते. ती लिंक कधी जागी करायची, हे ठरवणारा ड्रायव्हरच हवा.

धागाकर्ता
व्हीनसबाबत आपले म्हणणे मान्य. परंतु पुष्कळ ड्रायव्हरांना 'सगळी चालू, सगळी बंद' एवढेच हवे असते, आणि ते तोच कोड एकमेकांकडून उतरवून घेत होते. २०२४ मध्ये संपूर्ण यादी एका हाकेत जोडणारे फंक्शन घालावे लागले, यावरून नियम कोणता आणि अपवाद कोणता, हे दिसते.

प्रतिसाद २
मला दोष वर्णनाच्या पातळीवर दिसतो. एनएक्सपीच्या आय.एमएक्स८एम मालिकेत पॉवर नियंत्रक आणि व्हिडिओ किंवा डिस्प्ले यांच्यामध्ये 'ब्लॉक कंट्रोल' नावाचा रजिस्टरांचा गट आहे. डोमेन चालू करताना क्लॉक, रीसेट आणि बसशी हस्तांदोलन (दोन्ही बाजूंनी तयारीचा संकेत देणे) यांचा क्रम तिथे पाळावा लागतो. कर्नलमध्ये या गटालाच डोमेन पुरवणारा मानले आहे. परिणामी व्हिडिओ ड्रायव्हरला एकच डोमेन दिसते आणि क्रमाची कटकट पुरवठादाराकडे राहते.

प्रतिसाद १
ही युक्ती चालते, कारण तिथे क्रम खरोखर त्या रजिस्टरांत आहे. पण ड्रायव्हर सोपा व्हावा म्हणून डिव्हाइस ट्रीत नसलेली डोमेन उभी करणे मला पटत नाही. डिव्हाइस ट्री हे हार्डवेअरचे वर्णन आहे आणि आज लिहिलेले पुढच्या कर्नलांना वर्षानुवर्षे वाचावे लागते. सगळे एससीएमआयमार्फत (कर्नलने फर्मवेअरला विनंती करण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) फर्मवेअरकडे, म्हणजे चिपवाल्याने दिलेल्या अंतर्गत प्रोग्रॅमकडे, सोपवले तर वर्णनात केवळ एक क्रमांक उरतो, आणि फर्मवेअरचा क्रम चुकला तर चिपवाल्याच्या दारात बसून राहण्यावाचून गत्यंतर नाही.

धागाकर्ता
मग माझी मागणी लहान करतो. जोडणी ड्रायव्हरकडेच राहू द्या. पण यादीत दोन डोमेन असून प्रोब संपल्यावर एकही जोडलेले नसेल, तर कर्नलने लॉगमध्ये एक ओळ तरी लिहावी.

प्रतिसाद १
याला माझी हरकत नाही. फक्त जो ड्रायव्हर जोडणी जाणूनबुजून पहिल्या वापरापर्यंत लांबवतो, त्याला ही सूचना बंद करण्याची सोय हवी.