नागपूरहून ओमेगा सेंटॉरी: ६ इंची डॉबने कधी आणि कुठून?

दक्षिणगच्ची:
६ इंची डॉब (डॉब्सोनियन दुर्बीण, फोकल लेंथ १२०० मिमी), २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळ्याकडची भिंगं), ६×३० चा सरळ फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण). मे महिन्यात ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ बघायचा आहे. मानेवाड्याच्या गच्चीवरून दक्षिण मोकळी आहे, पण क्षितिजाकडचं आकाश धुरकट दिसतं. वेळ कोणती धरू? शोधू कसा? रामटेकला जाऊ की लाइट पोल्युशन फिल्टर घेऊ?

नरतुरंग:
सगळ्यात आधी वेळ साधा. गुच्छाची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) उणे ४७.५°, नागपूरचा अक्षांश २१.१५°. त्यामुळे ऐन दक्षिणेला आल्यावरही तो जेमतेम २१° उंच असतो. तिथे वातावरणाची जाडी डोक्यावरच्या पावणेतीन पट. दोन तास इकडेतिकडे झाले की उंची १६° वर येते आणि जाडी साडेतीन पटींवर जाते.

घड्याळाऐवजी चित्रा बघा. चित्रा आणि ओमेगा जवळपास एकाच वेळी याम्योत्तरावर (ऐन दक्षिणेच्या रेषेवर) येतात. १५ मेला रात्री १०:०५ च्या सुमारास, ३१ मेला ९ वाजता. रोज चार मिनिटं आधी. चित्रेच्या सरळ खाली ३६°, म्हणजे हात लांब करून साडेतीन मुठी.

आता खरी सोपी युक्ती. तिथेच डावीकडे २.५ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) झीटा सेंटॉरी हा तारा आहे. २५ मिमीच्या आयपीसमध्ये तो मधोमध घ्या आणि नळीच्या उंचीला हात न लावता फक्त बेस ५° उजवीकडे फिरवा. त्या वेळी दोघांची उंची जवळपास सारखीच असते, त्यामुळे गुच्छ आपोआप दृष्टिक्षेत्रात येतो. सरळ फाइंडरमध्ये चित्र उलटं असतं, म्हणून झीटा तिथे उजव्या बाजूला दिसेल. इथेच बरेच जण उलट दिशेला जातात.

२५ मिमीने (४८ पट) मोठा, दाणेदार धुरकट गोळा दिसेल. तारे सुटे करायला १० मिमी (१२० पट) लावा. सगळ्यात तेजस्वी तारे साधारण ११.५ प्रतीचे आहेत, तेव्हा कडेकडे नजर तिरकी ठेवून बघा.

दक्षिणगच्ची:
धन्यवाद! कठडा साडेतीन फुटी आहे, नळी अडेल का?

स्लॅबवाला:
डॉबचा आडवा अक्ष (ज्यावर नळी वर-खाली होते) जमिनीपासून साधारण ५५ सेंमीवर असतो, तुमचा मोजून घ्या. कठड्याच्या उंचीतून तो वजा करा, आरशाच्या खालच्या कडेसाठी ८ सेंमी मिळवा आणि ०.३९ ने भागा. १०७ सेंमीच्या कठड्याला दीड मीटर अंतर येतं. सहा फूट मागे ठेवा म्हणजे काळजी नाही. नळी एवढी खाली झुकली की तोंडाकडचं वजन जाणवतं, अक्षाचा ताण थोडा घट्ट करा.

गच्चीवर मोठा शत्रू म्हणजे तापलेला स्लॅब. मे महिन्यात तो रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि तारे उकळल्यासारखे दिसतात. संध्याकाळी सहाला स्लॅबवर भरपूर पाणी मारा, नऊपर्यंत सुकतो. टेलिस्कोप जिन्याच्या टिनाखाली ठेवू नका. आरसा तापलेला राहिला तर नळीतच गरम हवा फिरते. आणि नळीच्या पुढ्यात, दक्षिणेच्या बाजूला, कोणाच्या कूलरचा झोत येत नाही ना, तेही बघा.

कृष्णपक्ष:
फिल्टरवर पैसे घालू नका. तो तेजोमेघांच्या ठरावीक रंगरेषा राखून बाकीचा उजेड कापतो. गुच्छ म्हणजे नुसते तारे, त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर त्यांनाही तेवढंच मंद करतो. त्या पैशात पेट्रोल भरा!

पण रामटेकला नको. तिथून नागपूरचा उजेड नैर्ऋत्येला येतो आणि याम्योत्तर ओलांडल्यावर गुच्छ त्याच दिशेला उतरतो. दक्षिणेच्या गोष्टींसाठी शहर पाठीशी हवं. वर्धा रोडला पुढ्यात बुटीबोरीचे कारखाने येतात, त्यापेक्षा उमरेड रोडला पाचगावच्या आसपास शेतमालकाला विचारून जागा धरा. पेंच, जे जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क जाहीर झालं, तिथेही नागपूर दक्षिणेकडेच येतं, पण अंतर इतकं की उजेड क्षितिजालगतच राहतो. तिथे गेलात तर ओमेगाच्या साडेचार अंश वर सेंटॉरस ए ही दीर्घिकाही शोधा. अंधारात मधला काळा पट्टा ६ इंचीत जाणवू शकतो.

अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा आणि जून उजाडायची वाट बघू नका. ढग आले की मग थेट पुढचा एप्रिल.