मावसभाऊ २१ वर्षांचा, खोटं बोलून पैसे उकळतो. डार्क ट्रायड म्हणतात ते हेच का?

नाशिकची_ताई:
मावसभाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. रूममेटला सांगितलं बाबांचं ऑपरेशन आहे आणि पैसे घेतले, इकडे काका ठणठणीत आणि याच्या हातात नवीन फोन. पकडला गेला तर म्हणतो "त्याने दिलेच कशाला?" मावशी रडली की तेवढ्यापुरता पाया पडतो, की परत तेच. मी नेटवर १२ प्रश्नांची डार्क ट्रायड टेस्ट त्याच्या वतीने भरली, स्कोर खूपच जास्त आला. हा सायकोपॅथ आहे का? खरंच भीती वाटतेय.

मानस_एमए:
ताई, ती टेस्ट रिसर्चसाठीची आहे, ज्याची त्याने भरायची. दुसऱ्याने भरून, तेही इतकं संतापलेलं असताना, निदान होत नाही. पॉलस आणि विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये आत्मप्रौढी, कावेबाजपणा आणि सायकोपथी (दुसऱ्याच्या दुःखाचं काहीच न वाटणं) या तिघांना मिळून डार्क ट्रायड हे नाव दिलं, आणि हे थोडंफार सगळ्यांतच असतं. आजार म्हणतात तो अँटीसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे दुसऱ्यांचे हक्क सतत पायदळी तुडवण्याची वृत्ती, त्याचं निदान १८ च्या आत करत नाहीत आणि १५ च्या आधीपासून तशी लक्षणं दिसलेली असावी लागतात. शाळेत असताना चोऱ्या, मारामाऱ्या, मुक्या जनावरांना त्रास देणं असं काही होतं का?

नाशिकची_ताई:
नाही हो, दहावीपर्यंत एकदम साधा. सगळं हॉस्टेलला गेल्यावर सुरू झालं, आणि रात्रभर मॅचवर पैसे लावतो असं त्याचा मित्र म्हणाला.

मानस_एमए:
मग आधी जुगाराचं बघा! त्या व्यसनात खोटं बोलणं, उधाऱ्या करणं आलंच. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये मांडलंय की लहानपणापासून आयुष्यभर असं वागणारे थोडे असतात, किशोरवयात बिघडून पुढे सुधारणारे त्याहून कितीतरी जास्त. तरी आपोआप सुधारेल म्हणून बसू नका, सायकिअॅट्रिस्टला दाखवाच.

कोल्हापूरचा_बाबा:
सगळे याच्याबद्दलच बोलताय, त्या रूममेटचं काय? त्याच्या आईबापाने पोटाला चिमटा काढून पाठवलेले पैसे असतील ते. मावशींनी गुपचूप भरून टाकू नयेत, पोराने फोन विकून स्वतःच्या हाताने द्यावेत, काका समोर उभे असताना. हातात रोख देणं बंद करा, फी थेट कॉलेजला भरा. आणि तो डॉक्टरकडे यायला तयार नसेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर मावशींनीच फोन करावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

नाशिकची_ताई:
फोन विकायचं आज काकांशी बोलते. रूममेटच्या घरी कळवायचं का, की आधी मुलांनाच समोरासमोर बसवायचं?